'द फ्लाइट ऑफ द फिनिक्स' (१९६५) आणि त्याची ब्ल्यू-रे

सांजवारा

आधीच सांगते, धाग्यात रहस्यभेद भरपूर आहे. ज्यांना सिनेमा कोरा पाहायचा असेल त्यांनी आधी तो पाहा आणि मग इकडे या.

रॉबर्ट आल्ड्रिचचा हा सिनेमा माझ्या फार जिव्हाळ्याचा. जुने, गाजलेले सिनेमे नव्याने काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये त्याची ब्ल्यू-रे काढली. परदेशातून येणाऱ्या मैत्रिणीकडून ती मागवली आणि गेल्या आठवड्यात शांतपणे पाहिली. त्यावर सविस्तर लिहावं असं वाटलं, कारण मराठीत या सिनेमाबद्दल फारसं काही वाचायला मिळत नाही.

गोष्ट थोडक्यात. तेल कंपनीचं एक जुनं मालवाहू विमान लिबियातल्या जगबूबहून बेनगाझीला निघतं. आत तेलविहिरीवरचे कामगार, तंत्रज्ञ, दोन ब्रिटिश सैनिक, एक फ्रेंच डॉक्टर, एक हिशेबनीस. वाळूचं वादळ लागतं, इंजिनं बंद पडतात आणि विमान सहारात कोसळतं. दोघे जागीच जातात, तिसरा जबर जखमी होतो. रेडिओ नाही, मार्गापासून खूप दूर भरकटलेले, शोधायला कुणी येण्याची आशा नाही. खायला खजूर भरपूर आहे, पाणी मोजकं. अशात प्रवाशांमधला एक जर्मन माणूस, हाइनरिख डॉर्फमान, विमानाभोवती फिरून मोजमापं घेतो आणि शांतपणे सांगतो, की या भंगारातून दुसरं विमान बनवता येईल.

विमान चालवत होता फ्रँक टाउन्स, म्हणजे जेम्स स्ट्युअर्ट. स्ट्युअर्ट तेव्हा ५७ वर्षांचा होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने बी-२४ बॉम्बर घेऊन २० मोहिमा केल्या होत्या. त्यामुळे कॉकपिटमध्ये बसलेला स्ट्युअर्ट हा अभिनय करणारा नट वाटतच नाही. सवयीने हात चालतात. अपघातानंतर तो नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहितो, की चूक पायलटची. त्या एका नोंदीनंतर पुढचे दोन तास त्याच्या प्रत्येक चिडण्यात ती चूक दिसत राहते. मेलेल्यांचं ओझं घेऊन वावरणाऱ्या माणसाला कुणीतरी तिऱ्हाईत येऊन सांगतो, की अजून सगळ्यांना वाचवता येईल. त्याला ते सहन होत नाही. विश्वास ठेवला आणि फसलं तर आणखी माणसं आपल्या नावावर जातील, ही भीती. ब्ल्यू-रेवर चरित्रकार डोनाल्ड ड्यूई यांची मुलाखत आहे, स्ट्युअर्टच्या युद्धकाळातल्या वैमानिकीवर. ती पाहून पुन्हा सिनेमा लावला तर टाउन्स जास्त कळतो.

आता माझा मुद्दा. या सिनेमाला सगळे 'माणसाच्या जिद्दीची गोष्ट' म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. जिद्द तर त्या दोन सैनिकांपैकी कॅप्टन हॅरिसकडेही आहे (पीटर फिंचने काय सुंदर केलाय तो!). तो कवायतीच्या शिस्तीत वाळवंट तुडवायला निघतो आणि अर्धमेला होऊन परत येतो. त्याच्या मागे गेलेला तेल कामगार कॉब जिवानिशी जातो. आल्ड्रिचला दाखवायचंय ते काम. रात्री उकाडा कमी झाल्यावर दोर, कप्प्या, पहारी घेऊन एक आख्खा पंख उचलून दुसऱ्या बाजूला नेणं. कुणाचं ऐकायचं, कुणाचं नाही, हे रोज नव्याने ठरवणं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बरोबर असण्याचा मक्ता तो एका माणसाकडे देत नाही. विमान बांधता येईल हे डॉर्फमानला कळतं, टाउन्सला कळत नाही. पण शेवटी इंजिन सुरू करायची वेळ येते तेव्हा पारडं फिरतं.

तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत. इंजिन सुरू होतं बारुदाच्या काडतुसाने, आणि काडतुसं आहेत फक्त सात. एकामागून एक वाया जातात. काळा धूर, पंख्याचे दोन आळसट फेरे, परत शांतता. मग टाउन्स म्हणतो, आता एक काडतूस इग्निशन बंद ठेवून उडवणार, सिलिंडर साफ करायला. डॉर्फमान जिवाच्या आकांताने विरोध करतो, कारण त्याच्या हिशेबात एकेक काडतूस म्हणजे सगळ्यांचा जीव. टाउन्स ऐकत नाही. आणि इथे म्हातारा पायलट बरोबर ठरतो, पुस्तकात नसलेल्या, हातात मुरलेल्या ज्ञानामुळे. दोघांपैकी एकावर सगळं सोपवलं असतं तर कुणीच वाचलं नसतं.

या दोघांना बांधून ठेवणारा तिसरा म्हणजे ल्यू मोरान, रिचर्ड ॲटनबरो. होय, पुढे 'गांधी' करणारे तेच. दारूच्या आहारी गेलेला नॅव्हिगेटर. भांडण झालं की तोच एकाकडून दुसऱ्याकडे जातो, समजावतो, पाया पडायचा तेवढा बाकी राहतो. सिनेमाचं हृदय माझ्या मते तो आहे.

प्रतीबद्दल. २के रिस्टोरेशन आहे, मूळ १.८५:१ चौकट, आवाज मोनो. जोसेफ बायरॉकचं छायाचित्रण इतकं स्पष्ट मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. दिवसागणिक सोलत जाणारी कातडी, फुटलेले ओठ, वाळूने भरलेल्या दाढ्या. पहिल्या दिवसाचा चेहरा आणि दहाव्या दिवसाचा चेहरा यांतला फरक दिसायला हवा, तोच या सिनेमाचा काळ मोजण्याचा मार्ग आहे. सोबत दिग्दर्शक वॉल्टर हिल आणि अभ्यासक ॲलन सिल्व्हर यांच्या गप्पा आहेत.

तुम्हाला काय वाटतं? पाहिला असेल तर जरूर लिहा.

शेवटची रांग

उत्तम धागा! श्रेयनामावली आठवते का? विमान कोसळत असतानाच एकेका नटाचा चेहरा गोठतो आणि नाव येतं. ओळख करून द्यायला संथ प्रसंगच नाहीत, सरळ संकटातच सगळे भेटतात. मायकेल लुसियानोच्या संकलनाला ऑस्कर नामांकन होतं, आणि इयन बॅननला सहाय्यक अभिनेत्याचं. त्याने केलेल्या क्रोचं ते टोचून बोलणं!

ओझरकर

सांजवाराताई, लेख वाचून फार बरं वाटलं. मी हवाई दलात जमिनीवरचा तंत्रज्ञ होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. या विमानाशी माझं वेगळं नातं आहे, म्हणून थोडं लिहितो.

सिनेमातलं विमान फेअरचाइल्ड सी-८२ पॅकेट. अशी फक्त २२३ बनली. त्याचंच सुधारलेलं भावंड म्हणजे सी-११९, आणि ते आपल्या हवाई दलाने १९५४ पासून वापरलं. आम्ही त्यालाही पॅकेटच म्हणायचो. लडाखच्या उंचीसाठी आपल्याकडे काही विमानांच्या पाठीवर एक छोटं जेट इंजिन बसवलं होतं. १९६२ च्या जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी हेच पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं, १६,००० फुटांहून जास्त उंचीवर. नकाशावर ती जागा पाहा म्हणजे कळेल काय केलं त्यांनी.

आता तांत्रिक. भंगारातून विमान ही कल्पना कुठल्याही विमानावर चालली नसती. बहुतेक विमानांना मधे एक धड असतं आणि शेपूट त्याला जोडलेली असते. धड मोडलं की संपलं. पॅकेटला मात्र दोन बूम, म्हणजे लांब पोकळ दांडे, असतात. प्रत्येक पंखावर एक इंजिन, आणि इंजिनाच्या मागून निघालेली लांब बूम थेट शेपटीपर्यंत. माल भरायचं धड मधे वेगळं लटकलेलं. म्हणजे नीट पाहिलं तर एक इंजिन, त्यामागची बूम आणि तिच्या टोकाची शेपूट हे आपलं आपणच एका इंजिनाचं छोटं विमान आहे. त्याला फक्त एका बाजूचा पंख नाही. तो पलीकडच्या मोडक्या बाजूचा काढून आणून जोडायचा. लेखकाने विमान फार विचार करून निवडलंय.

माणसं आत मावणार नाहीत, म्हणून पंखांवर पालथी झोपवतात. चाकांऐवजी खाली घसरपट्ट्या. हे सगळं पाहताना मी खुर्चीच्या कडेला आलो होतो, कारण प्रत्येक गोष्टीमागचं कारण मला दिसत होतं.

राईनकाठ

ओझरकर काका, तुमचा प्रतिसाद म्हणजे पर्वणी!

मी जर्मनीत राहते, म्हणून डॉर्फमानबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. एलस्टन ट्रेव्हरच्या १९६४ च्या कादंबरीत विमान बनवणारा माणूस जर्मन नाहीच. तो स्ट्रिंगर नावाचा इंग्रज आहे. सिनेमासाठी त्याला जर्मन केलं. हा बदल मला अतिशय मोलाचा वाटतो. युद्ध संपून जेमतेम २० वर्षं झालेली. विमानात ब्रिटिश सैनिक, फ्रेंच डॉक्टर, अमेरिकन पायलट, आणि सगळ्यांचा जीव एका जर्मनाच्या हातात. क्रो त्याला पहिल्यापासून डिवचतो. टाउन्सच्या रागातही कुठेतरी ते आहे.

आणि हार्डी क्रूगरने तो किती संयमाने केलाय! त्याला कोवळ्या वयात, १६ वर्षांचा असताना, नाझींच्या एसएस दलाच्या तुकडीत भरती केलं होतं. पुढे तो आयुष्यभर नाझी विचारांच्या विरोधात बोलत राहिला. २०२२ च्या जानेवारीत गेला. त्या अनुभवाचा माणूस जेव्हा असा ताठ, गर्विष्ठ, कुणाचीही मर्जी न राखणारा जर्मन उभा करतो, तेव्हा त्यात ठोकळेबाजपणा येत नाही. पाणी चोरल्याचं तो सरळ कबूल करतो. मी तुमच्यापेक्षा जास्त राबतोय, म्हणून मला जास्त लागलं, एवढंच. लाज नाही आणि कांगावाही नाही. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, आणि तो खरं बोलतोय हेही जाणवत होतं.

कातळशिल्प

सिनेमा आवडतो, पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे १४२ मिनिटं लांबी. दुसरी, नंतर येणारी अरब टोळी. ते दूर तळ ठोकतात, हॅरिस आणि डॉक्टर बोलणी करायला जातात आणि सकाळी दोघांचे गळे चिरलेले सापडतात. टोळीतल्या एकाही माणसाला चेहरा नाही, वाक्य नाही. इतक्या बारकाईने माणसं रंगवणाऱ्या सिनेमात हे फार उथळ वाटतं. शिवाय कॉबला, की हॅरिसच्या हाताखालच्या सार्जंटला, मृगजळात दिसणारी ती नर्तकी. आख्ख्या सिनेमात एकच स्त्री, आणि ती अशी.

सांजवारा

कातळशिल्प, नर्तकी सार्जंट वॉटसनला दिसते. दोन्ही आक्षेप मला पटतात. नर्तकीचा प्रसंग काढून टाकला असता तर सिनेमाचं काहीच बिघडलं नसतं. टोळीबद्दल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सहारात घडणारी गोष्ट आणि तिथल्या लोकांना फक्त धोका म्हणून जागा. त्या काळातल्या हॉलिवूडमध्ये हे सर्रास चालायचं, तरी डोळ्याआड करण्यासारखं नाही.

लांबीबाबत मात्र मी असहमत आहे. वेळ जायलाच हवा. पाणी संपत जातं, दाढ्या वाढतात, लोक एकमेकांना कंटाळतात. त्या कंटाळ्यातूनच सार्जंटचा तो भयंकर प्रसंग येतो. हॅरिसबरोबर जायला नको म्हणून तो पाय मुरगळल्याचं सोंग करतो. इतर सिनेमांनी त्याला भेकड ठरवून मोकळं केलं असतं. इथे वर्षानुवर्षं हुकूम झेललेल्या माणसाचा तुंबलेला द्वेष रोनाल्ड फ्रेझरच्या डोळ्यांत दिसतो. त्याला वेळ लागतोच.

राईनकाठ, कादंबरीतल्या स्ट्रिंगरबद्दल इथे लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

अबोली

पॉल मँट्झबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हे या धाग्यात असायलाच हवं.

सिनेमासाठी खरोखर उडणारं एक विमान बनवलं होतं, टॉलमँट्झ फिनिक्स पी-१. रचना ऑटो टिम यांची. पंख बीचक्राफ्टचे, इंजिन टी-६ या प्रशिक्षण विमानाचं, अशी वेगवेगळ्या विमानांची जुळवाजुळव. म्हणजे पडद्यावर जे चाललंय तेच पडद्यामागेही. हॉलिवूडचे सगळ्यात नावाजलेले स्टंट पायलट पॉल मँट्झ आणि त्यांचे भागीदार फ्रँक टॉलमन यांचं हे काम. टॉलमन यांच्या गुडघ्याला दुखापत झाली, म्हणून उड्डाण मँट्झ यांनी केलं. ८ जुलै १९६५, ॲरिझोनातल्या युमाजवळचं वाळवंट. वाळूला टेकवून परत उचलायचं, म्हणजे कॅमेऱ्यात ते उड्डाण घेतल्यासारखं दिसेल. एकदा झालं. दुसऱ्या वेळी विमान वाळूच्या उंचवट्याला अडखळलं, मधून मोडलं आणि पुढे कोलमडलं. मँट्झ जागीच गेले. मागे उभे असलेले स्टंटमन बॉबी रोझ गंभीर जखमी झाले, पण वाचले.

उरलेल्या उड्डाणांसाठी ओ-४७ जातीचं दुसरं विमान वापरलं. म्हणून शेवटच्या काही मिनिटांत दोन वेगवेगळी विमानं दिसतात. कुणाला ती उणीव वाटेल. मला तिथे दर वेळी मँट्झ आठवतात. सिनेमाच्या शेवटी त्यांना वाहिलेली ओळही आहे, की या माणसाने हा सिनेमा घडवताना प्राण दिले.

ओझरकर

अबोली, मनापासून आभार. असं उड्डाण किती नाजूक असतं ते सांगतो. विमान पूर्ण वेगात, चाकं वाळूत रुततायत, आणि पायलटने त्याच क्षणी ताकद देऊन वर उचलायचं. एरवी एखादा उंचवटा लागला तर विमानाची चौकट तो धक्का सोसते. जोडजोड करून बनवलेल्या विमानाच्या मधल्या सांध्यावर सगळा भार येतो. मँट्झसारख्या निष्णात माणसाकडेही त्या क्षणी करण्यासारखं काही उरत नाही.

शेवटची रांग

२००४ चा रीमेक कुणी पाहिलाय का? डेनिस क्वेडचा. गोष्ट गोबीत नेली, चित्रण नामिबियात. विमान मात्र सी-११९, म्हणजे काकांचं पॅकेट. विमान पडण्याचा प्रसंग थरारक आहे, पण नंतर माणसं आठवत नाहीत.

ओझरकर

पाहिला. फक्त विमानासाठी पाहिला, आणि तेवढ्यासाठी आवडला.

कातळशिल्प

ब्ल्यू-रे भारतात कशी पाहायची हे कुणी सांगेल का? माझ्याकडे इथेच घेतलेला साधा प्लेअर आहे.

राईनकाठ

इथे एक अडचण आहे, पैसे घालवण्याआधी नीट समजून घ्या. ब्ल्यू-रेचे जगभरात तीन विभाग आहेत. अमेरिका ए, युरोप बी, आणि भारत सी. क्रायटेरियनची अमेरिकन तबकडी ए विभागाची. ब्रिटनमध्ये युरेका या कंपनीने २०१६ मध्ये मास्टर्स ऑफ सिनेमा मालिकेत याच सिनेमाची आवृत्ती काढली, ती बी विभागाची, मी तीच घेतली. म्हणजे भारतात विकल्या जाणाऱ्या सी विभागाच्या प्लेअरवर दोन्ही चालत नाहीत. सगळे विभाग वाचणारा प्लेअर लागतो. घेताना दुकानदाराला डीव्हीडीबद्दल विचारताय की ब्ल्यू-रेबद्दल हे स्पष्ट करा. डीव्हीडीचे विभाग वेगळे असतात (भारत तिथे ५) आणि पुष्कळ प्लेअर डीव्हीडी सगळ्या विभागांच्या लावतात, पण ब्ल्यू-रे नाही.

सांजवारा

राईनकाठने सगळं सांगितलंच. एवढीच भर घालते, की घरी जुनी डीव्हीडी असेल तर ती टाकून देऊ नका. गोष्ट तीच आहे आणि ती कुठेही पकड घेते. ब्ल्यू-रेचा खरा फायदा रात्रीच्या कामाच्या प्रसंगांत होतो. अंधारात वेल्डिंगचा उजेड, त्यामागे सात-आठ माणसं वेगवेगळ्या अंतरावर उभी, प्रत्येक जण काहीतरी करतोय. आल्ड्रिच जवळच्या चेहऱ्यांपेक्षा अशा गर्दीच्या चौकटी जास्त वापरतो. त्यात कोपऱ्यातला माणूस कुणाकडे बघतोय हे दिसलं पाहिजे. कुणी कुणाला पाणी देताना हात आखडता घेतला, कुणाची नजर डॉर्फमानच्या बाटलीवर आहे, हे सगळं संवादात नाही.

आवाज मोनो आहे म्हणून कुणी नाराज होऊ नये. काडतूस उडाल्यानंतरची ती शांतता स्पीकर एक असो की सात, तेवढीच कानात बसते.

अबोली

आणि मॉडेलवाला प्रसंग! त्यावर कुणीच कसं बोललं नाही? विमान जवळजवळ पूर्ण झालंय आणि टाउन्स-मोरानला सहज बोलता बोलता कळतं, की डॉर्फमान ज्या कंपनीत काम करतो ती खरी नाही, मॉडेल विमानं बनवते. ॲटनबरोचं ते हसणं आणि रडणं एकदमच. आणि डॉर्फमानला कळतच नाही यात धक्का बसण्यासारखं काय आहे.

ओझरकर

कळत नाही कारण तो बरोबर आहे! मी काही वर्षं कॉलेजच्या मुलांना मॉडेल विमानं बनवायला शिकवलं, तेव्हा त्यांना हा प्रसंग नेहमी सांगायचो. मोठ्या विमानात पायलट बसलेला असतो. विमान एका बाजूला कललं की तो सावरून घेतो, त्यामुळे रचनेतला थोडा दोष खपून जातो. सोडून दिलेल्या मॉडेलला सावरणारं कुणी नाही. ते कललं तर त्याला स्वतःच सरळ व्हावं लागतं. म्हणून पंखांचा कोन, वजनाचा मध्य, शेपटीचं माप हे सगळं काटेकोर लागतं. डॉर्फमान अगदी हेच सांगतो. तत्त्व लहान-मोठ्या विमानाला एकच. त्या वाळवंटात कुणाला विमान बनवायला सांगायचं तर मी मॉडेलवाल्यालाच सांगेन.

कातळशिल्प

काका, हे वाचून तो प्रसंग पुन्हा पाहावासा वाटतोय. मला आजवर तो फक्त कथेतला झटका वाटत होता.

शेवटचा प्रश्न. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, विमानांचं प्रचंड वेड. तिला दाखवावा का?

सांजवारा

जरूर दाखवा, पण सोबत बसा. रक्तपात फारसा दिसत नाही. दोन ठिकाणी जपा. जखमी गॅब्रिएल वेदना आणि निराशेने स्वतःचा जीव घेतो, तो भाग तिच्याशी आधी बोलून घ्या किंवा पुढे सरकवा. आणि हॅरिस व डॉक्टर सापडतात तो प्रसंग. कॉबचा मृत्यू जड जाईल, कारण अर्नेस्ट बोर्गनाइन या नटाने तो मुलासारखा निरागस केलाय. बाकी तिला आवडेल. पंख हलवतात तिथे थांबून तिला विचारा, बूम कुठली आणि इंजिन कुठलं. आणि ओझरकर काकांचा पहिला प्रतिसाद तिला सिनेमाआधी वाचून दाखवा.

ओझरकर

तिला काही प्रश्न पडले तर इथेच लिहा. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात पॅकेट उभं आहे, तेही दाखवा. दोन्ही बूमच्या मधे उभं राहून शेपटीकडे बघायला सांगा, डॉर्फमानला काय दिसलं ते तिला लगेच दिसेल.